घरासमोरचा फोटो



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो आहोत त्यांचं नाव माझ्या मागच्या फलकावर आहे. मी मात्र त्यांना बाईच म्हणणार. 26 वर्षं त्या अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका होत्या. त्यातली 9 वर्षं मी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात होतो, म्हणजे त्यांनी आणलेल्या फायली परत पाठवण्याच्या खुर्चीवर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. या विषयावर बोलणारे बहुतेक जण खिडकीच्या बाहेर उभे राहून बोलतात. मी आतला माणूस आहे.

पत्रिकेवर विषय 'बालकल्याण : धोरण आणि दिशा' असा छापलाय. तो मी दिलेला नाही. मला एवढंच बोलायचंय की मुलासाठी म्हणून सरकार घराला पैसे देतं ते कोणाला मिळतात, आणि ते मिळण्यासाठी घरानं काय काय सिद्ध करायचं असतं.

शासन निर्णयात 'पात्र' हा शब्द फार येतो. मराठीत भांड्यालाही पात्र म्हणतात आणि नाटकातल्या माणसालाही. खिडकीशी उभ्या राहिलेल्या बाईला ही दोन्ही पात्रं व्हावं लागतं. हातात वाटी धरायची आणि दुसऱ्यानं लिहिलेली भूमिकाही वठवायची. वाटी फार वर धरली तर 'गरीब दिसत नाही' म्हणतात, फार खाली धरली तर 'कागद कुठायत?' म्हणतात.

आता समजा, आज एखाद्या घरात मुलगी झाली. 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलींसाठी महाराष्ट्रात 'लेक लाडकी' योजना आहे. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी हवं, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 1 लाखाच्या आत हवं. जन्मल्यावर 5 हजार, पहिलीत गेली की 6, सहावीत 7, अकरावीत 8 आणि 18 वर्षं पूर्ण झाली की 75 हजार. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. जन्माचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आईबापाचं आधार, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, रेशनकार्डाची झेरॉक्स. मुलीचं आधार पहिल्या हप्त्याला नसलं तरी चालतं, पुढे लागतं. नंतरच्या हप्त्यांना शाळेचा दाखला लागतो. शेवटच्या हप्त्याला मुलीनं आपलं लग्न झालेलं नाही असं लिहून द्यायचं, आणि मतदार यादीत तिचं नाव असल्याचा दाखलाही जोडायचा.

सगळ्या हप्त्यांची बेरीज 1 लाख 1 हजार. वरचे हजार कशाला, असं मला एका तरुण पत्रकारानं विचारलं होतं. त्यानं लग्नातलं आहेराचं पाकीट कधी भरलं नसावं. आपल्याकडे शुभकार्याची रक्कम शून्यावर थांबवत नाहीत. योजना लिहिणाऱ्याच्या मनात कुठेतरी मांडव होता, असं मला राहून राहून वाटतं. मोठी रक्कम अठराव्या वर्षी, तीही अविवाहित असल्याच्या अटीवर. हेतू चांगला आहे, बालविवाह थांबावा हाच. पण मुलीला दूध लागतं ते पहिल्या दोन वर्षांत, आणि त्या वर्षांच्या वाट्याला 5 हजार आले आहेत. या योजनेतली सगळ्यात मोठी मुलगी 2041 साली अठरा वर्षांची होईल. महागाई वर्षाला 5 टक्के धरली तर तिच्या 75 हजारांना 2023 च्या 31 हजारांची किंमत उरेल. हा हिशेब मी बाईंना दाखवला होता. त्या म्हणाल्या, "साहेब, तोवर तुम्ही-मी कुठे असणार? पहिले पाच हजार बाळंतिणीला महिन्याच्या आत कसे मिळतील ते बघा." ते काही मला जमलं नाही.

याच्या आधी, मूल पोटात असतानाची केंद्राची मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळंतपणाला 5 हजार, दोन हप्त्यांत: एक गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, दुसरा मुलाची जन्मनोंद आणि सुरुवातीच्या लसी झाल्यावर. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर 6 हजार एकदम. मुलगा झाला तर काही नाही. आणि तिसऱ्या मुलाला तर कुठलाच दरवाजा उघडत नाही. मुलींना उत्तेजन द्यायचं ते समजतं. पण दुसऱ्या खेपेला मुलगा झालेली बाईही तितकीच बाळंत झालेली असते, तिचीही मजुरी तितकीच बुडालेली असते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6 हजार रुपये असं लिहिलंय. त्यात पहिलं, दुसरं, मुलगा, मुलगी असं काही नाही. सरकारी नोकरदार आणि दुसऱ्या कायद्यानं असाच लाभ मिळणाऱ्या बाया तेवढ्या वगळल्यात. अटी योजनेत शिरल्या. कायद्यानं दारातून आत घेतलेल्या बाईला योजनेनं ओसरीवरच बसवून ठेवलं.

आता मापाची गंमत बघा. जुन्या वाण्याकडे मापटं, शेर, पायली अशी मापं असत, पण निदान दाणे तेच असत. इथे एकाच घराची गरिबी मोजायला तीन मापं आहेत. मातृवंदनेला पात्र ठरण्याचे अनेक मार्ग आहेत, त्यात एक मार्ग वर्षाला 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा. राज्याच्या 'लाडकी बहीण' योजनेला अडीच लाखांची मर्यादा. आणि 'लेक लाडकी'ला 1 लाखाची. म्हणजे तीच बाई गरोदर असताना गरीब, बहीण म्हणून गरीब, आणि मुलगी जन्माला आली की श्रीमंत.

1 लाख हा आकडा केशरी रेशनकार्डाच्या मर्यादेशी जुळतो. पण त्याला मजुरी लावून बघा. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. नवरा-बायको दोघांनी वर्षातले 200 दिवस काम केलं तर 1 लाख 18 हजार 800 रुपये होतात. सरकारनेच ठरवलेल्या मजुरीवर निम्म्याहून थोडं जास्त वर्ष राबलेलं जोडपं सरकारच्याच मुलींच्या योजनेला अपात्र! याला उपाय एकच, आणि तो गावोगाव चालतो. तलाठ्याकडे जायचं आणि उत्पन्न कमी लिहून घ्यायचं. माझ्या टेबलावरून गेलेल्या दाखल्यांवर ठरावीक आकडे असत: 21 हजार, 36 हजार, 48 हजार. 48 हजार म्हणजे महिन्याला 4 हजार. तेवढ्यात पाच माणसांचं घर चालत नाही हे तलाठ्याला ठाऊक, तहसीलदाराला ठाऊक, सही करणाऱ्या मलाही ठाऊक. जिची तलाठ्याशी ओळख आहे ती 36 हजाराची होते. जी भोळेपणानं खरं सांगते ती 1 लाख 20 हजाराची होऊन बाहेर पडते.

बाईंच्या हाताखाली एक सेविका होती. तिनं एका ऊसतोड कुटुंबाला खरं उत्पन्न लिहायला लावलं, उचलीसकट. अर्ज गेला. बाई तिच्यावर चिडल्या असतील असं मला वाटलं होतं. चिडल्या त्या माझ्यावर. म्हणाल्या, "तुमच्या नियमात खोटं बोलणाऱ्याला जागा आहे, खऱ्याला नाही. मग पोरींना शाळेत सत्यमेव जयते कशाला शिकवायचं?" उचल हे कर्ज आहे, उत्पन्न नाही, असं टिपण मी त्या फायलीवर लिहिलं आणि ती पुन्हा वर पाठवली. उत्तर यायच्या आत माझी बदली झाली.

ऊसतोडीवर एवढ्यासाठी थांबलो की कागदांची सगळी साखळी तिथे एकदम तुटते. दसरा झाला की टोळी निघते. रेशनकार्ड गावाकडे, बाळंतपण कारखान्याच्या परिसरातल्या सरकारी दवाखान्यात, जन्माची नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. 21 दिवसांत नोंद झाली तर ती सोपी असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. कोयत्याची जोडी आहे, एक हात कमी पडला तर गाडी भरत नाही. नोंदीच्या रांगेत कोण उभं राहणार? परत येईपर्यंत मूल पाच-सहा महिन्यांचं झालेलं असतं, आणि दाखला दुसऱ्या जिल्ह्यात अडकलेला.

आपल्याला हे असंच असतं असं वाटायला लागलंय. पण याच मातीत वेगळा विचार झालेला आहे. 1928 साली मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देण्याच्या विधेयकावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं होतं की आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, म्हणून तिचा भार खरं तर मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलायला हवा. मालकाकडून घ्या, पण मूळ जबाबदारी समाजाची. पुढच्या वर्षी, 1929 ला, मुंबई प्रांताचा तो कायदा झाला. बाई गरीब आहे का, हा प्रश्न त्या युक्तिवादाच्या केंद्रात नव्हताच. ती मूल वाढवतेय, एवढं पुरेसं होतं.

दुसरं उदाहरण वि. स. पागे यांच्या रोजगार हमीचं. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, 1977 ला कायदा झाला. तिची खरी हुशारी अशी की ती कोणालाच गरिबीचा दाखला मागत नाही. वैशाखाच्या उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला आणखी काय विचारणार? गरज आपोआप गाळून येते. मुलांच्या बाबतीत मात्र ही चाळणी चालत नाही. दीड वर्षाचं पोर खडी फोडून आपली गरज सिद्ध करू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीनं आपण कागद फोडत बसतो.

आणि अंगणवाडी! ती तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांपासून ती सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयानं 2001 पासून अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात एकेक आदेश दिले, आणि 2006 साली स्पष्ट सांगितलं की सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल तिथे आलं पाहिजे. तिथे उत्पन्न विचारत नाहीत. सरपंचाचा नातू आणि पारध्याच्या पालावरची मुलगी एकाच सतरंजीवर बसू शकतात. बसतात का, हा वेगळा प्रश्न. पालावरच्या मुलीला कोणत्या बाजूला बसवलं जातं हे बाई अचानक भेट देऊन बघायच्या. 2017 साली ठरलेला दर पोरामागे दिवसाला 8 रुपये होता, त्यात 500 उष्मांक बसवायचे होते. ते कसे बसवायचे यावर वेगळं व्याख्यान होईल. पण दार उघडं आहे, हे महत्त्वाचं. अंगणवाडीत मूल आलं की ते पात्र. त्याच मुलाच्या आईला आपण 5 हजारांसाठी सेतू केंद्रात पाठवतो.

बाहेरचं एक उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये एलेनॉर रॅथबोन नावाच्या खासदार बाई होत्या. हिंदुस्थानातल्या बालविवाहावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यातला सूर आपल्याकडच्या सुधारक स्त्रियांना फारसा रुचला नाही, आणि ते रास्तच होतं. पण स्वतःच्या देशात त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ एकच मागणी लावून धरली: मूल वाढवणाऱ्या घराला सरकारनं पैसे द्यावेत, आणि ते आईच्या हातात द्यावेत. 1945 चं विधेयक आलं तेव्हा त्यात पैसे बापाच्या नावे होते. त्यांनी आपल्याच मागणीतून आलेल्या विधेयकाला विरोध करायची तयारी दाखवली आणि ते बदलायला लावलं. ऑगस्ट 1946 मध्ये पहिले पैसे वाटले गेले, दुसऱ्या मुलापासून पुढे आठवड्याला 5 शिलिंग. ते बघायला त्या नव्हत्या. जानेवारीतच वारल्या होत्या. पुढे 1977 पासून पहिल्या मुलालाही पैसे मिळू लागले. तिथे आज मूल 16 वर्षांखालचं असावं, किंवा शिकत असेल तर 20 खालचं, आणि तुम्ही त्याचा सांभाळ करत असावं, एवढ्यावर अर्ज होतो. 2013 पासून श्रीमंतांचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं: पैसे द्यायचे, आणि उत्पन्न ठरावीक रकमेवर गेलं तर कराच्या हिशेबात परत घ्यायचे. म्हणजे चाळणी आहेच, पण ती शेवटी आहे, आणि ती श्रीमंताला हलवावी लागते. आपण ती गरिबाच्या हातात देतो आणि सुरुवातीलाच देतो. तिकडे सगळं गोडच आहे असं नाही. आपल्या पुण्या-नाशिकची जी मुलं कामाच्या व्हिसावर तिथे गेलीत, त्यांच्या व्हिसावर बहुधा सरकारी मदतीला हात लावायचा नाही अशी अट असते. कर भरायचा, मुलाचा भत्ता मागायचा नाही. परकेपणाचं माप सगळीकडेच असतं.

'आपल्याकडे ते शक्य नाही, आपली यंत्रणा नाही' हे वाक्य मी स्वतः शेकडो बैठकांत बोललोय. 2024 साली त्याची हवा गेली. जूनच्या अखेरीस 'लाडकी बहीण'चा शासन निर्णय निघाला आणि राखीपौर्णिमेच्या आत बायांच्या खात्यावर 1500 प्रमाणे दोन महिन्यांचे 3 हजार जमा होऊ लागले. पिवळं-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. अंगणवाडी सेविकांनी रात्री बारा-बारापर्यंत मोबाइलवर फॉर्म भरले. तपासणी, केवायसी, वगळणं हे सगळं पुढच्या वर्षी आलं. त्या योजनेबद्दल मतं काहीही असोत, एक गोष्ट सिद्ध झाली. आधी द्यायचं आणि मग तपासायचं, हे आपल्या यंत्रणेला जमतं. ते जमवायचं असेल तर लाभार्थ्याचं वय 21 च्या पुढे असावं लागतं, म्हणजे हातात मत असावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जन्माची नोंद झाली की मूल आत आलं पाहिजे. दवाखान्यातून आई घरी जायच्या आधी नोंद, तिथेच खातं, तिथेच पहिला हप्ता. कोणाला वगळायचं असेल तर ज्यांचा प्राप्तिकर कापला जातो त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांची यादी सरकारकडे तयार आहे, त्यांना तलाठ्याकडे जावं लागत नाही.

आता शेवटी बालसंगोपनाबद्दल, कारण बाईंचा जीव त्यात होता. ज्याचे आईबाप गेले, किंवा एक गेला, किंवा सोडून गेला, तुरुंगात आहे, कॅन्सरसारख्या आजारानं अंथरुणाला खिळलाय, अशा मुलाला संस्थेत न टाकता घरीच वाढू द्यावं म्हणून ही योजना आहे. 18 वर्षांपर्यंत दरमहा पैसे मिळतात. कोरोनाच्या काळात ते 1100 होते, 2023 पासून 2250 आहेत. मुलगा-मुलगी भेद नाही. आमच्या खात्यानं काढलेल्या योजनांतली ही मला सगळ्यात शहाणी योजना वाटते, आणि फारच थोड्यांना ती माहीत आहे. या सभागृहात कोणाच्या शेजारी अशी विधवा, अशी आजी राहत असेल तर तिला सांगा. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा. मृत्यूचा दाखला, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक. मग घरी येऊन चौकशी होते, मुलाला घेऊन बालकल्याण समितीपुढे जावं लागतं आणि समिती आदेश काढते. याशिवाय आणखी एक कागद जोडायचा असतो: पालक आणि मुलं घरासमोर उभी आहेत असा फोटो.

बाईंनी एका आजीची फाईल आणली होती. मुलगा वारलेला, सून दुसरं लग्न करून गेलेली, चौदा-पंधरा वर्षांचा नातू. कागद सगळे होते. फोटोत आजी आणि नातू एका स्लॅबच्या घरासमोर उभे होते, मागे निळा रंग दिलेला, खिडकीला जाळी. मी 'घराची स्थिती अर्जाशी विसंगत' अशी त्रुटी काढून फाईल परत पाठवली. दोन महिन्यांनी बाई ती घेऊन पुन्हा आल्या. आजीच्या घरासमोर उजेड नव्हता, गल्ली अरुंद होती, फोटोवाल्यानं त्यांना शेजारच्यांच्या घरापुढे उभं केलं होतं. आजीनंही हरकत घेतली नव्हती, कारण फोटो काढायचा तर चांगल्या घरापुढे काढावा असं कोणालाही वाटेल. नवा फोटो आणला. पत्रा, बांबू, पुढे मोरीचं पाणी. आजीनं डोक्यावरून पदर घेतलेला, नातू फोटोवाल्याकडे न बघता दुसरीकडेच बघतोय. मी मंजुरीसाठी पुढे पाठवली.

समितीची बैठक लांबली, मग अनुदान नव्हतं, मग कोरोना आला. आदेश हातात आला तेव्हा मुलाला 18 पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. चार महिन्यांचे 4400 रुपये खात्यावर जमा झाले. त्यानंतर एकदा आजी कार्यालयात आल्या, बाई सोबत होत्या. मला वाटलं, पैसे का थांबले असं विचारायला आल्यात. मी वयाचा नियम समजावून सांगायला लागलो.

आजी म्हणाल्या, "ते कळालं मला. फाइलीत दोन फोटू हायेत ना पोराचे, त्यातला पहिला द्या. निळ्या घरापुढचा. पोराचा दुसरा फोटू न्हाई माझ्याकडं."

फाईल बंद झाली होती. बंद झालेल्या फायलीतून जोडपत्र काढून देता येत नाही, असं मी त्यांना सांगितलं.